मारणारा कोण?

आमच्याकडे एस.टी. सुटते, शाळा सुटते, वारा सुटतो, दावणीचं वासरू सुटतं आणि नवऱ्याचा हात सुटतो. पहिल्या चारांसाठी कुणी बैठक बसवत नाही. पाचव्यासाठी बसवतात. चहा होतो, जुन्या सोयरिकी निघतात, म्हातारी माणसं घसा खाकरतात आणि शेवटी समजुतीचा एक कागद होतो. असा एक कागद माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही आणि तो आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

मी मंचरजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर वाक्य लिहिते आणि पोरांना विचारते, यात कर्ता कोण? पोरं गडबडतात. मग त्यांना जुनी युक्ती सांगते. क्रियापदाला ‘णारा’ लावा आणि ‘कोण’ विचारा. मुलाने आंबा खाल्ला. खाणारा कोण? मुलगा. झाला कर्ता. ही युक्ती मी माझ्या धाकट्या बहिणीलाही शिकवली होती, ती सातवीत असताना, घोडेगावजवळच्या आमच्या माहेरच्या ओट्यावर बसून. तिला व्याकरण आवडायचं नाही. तिला ट्रॅक्टर आवडायचा.

आम्हाला भाऊ नव्हता. वडिलांनी त्याचा बाऊ न करता धाकटीला पंधराव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसवलं. मी पुस्तकात डोकं घालून बसले आणि ती नांगरट शिकली. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेणं सोपं नसतं. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं, आणि जरा चुकलं की ट्रॉली मुरडून बसते. चांगले चांगले बाप्ये तिथं घामाघूम होतात. माझी बहीण मान मागे वळवून एका दमात ट्रॉली लावायची. वडील गेले त्यानंतर वर्षभरात मामांनी पुढाकार घेऊन तिचं लग्न पिंपरी पेंढारला लावून दिलं. घर चांगलं, शेती बागायती, मुलगा निर्व्यसनी. निर्व्यसनी हे सगळ्यांनी दोनदोनदा सांगितलं होतं.

तिचा नवरा बाहेर गोड माणूस. मला ‘आक्का, आक्का’ करायचा. बिबट्याच्या भीतीनं अंधार पडला की हा परसातसुद्धा एकटा जायचा नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही, तिथं सगळेच भितात. पण अशी माणसं घरात मात्र वाघ होतात, त्याला काय म्हणायचं?

पहिल्यांदा झालं ते कांद्याच्या दिवसांत. काढलेला कांदा साठवणीच्या बराखीत भरायचा होता, म्हणून ट्रॉली बराखीच्या तोंडाशी उलटी लावायची होती. त्यानं तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ट्रॉली मुरडली. कांदा निवडायला आलेल्या बायका हातातलं काम टाकून बघत बसल्या. शेवटी माझी बहीण म्हणाली, उतरा जरा. ती वर चढली आणि ट्रॉली लावून खाली उतरली. बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “दादा, तुमी या हिकडं कांदं निवडायला.” तोही हसला. सगळ्यांबरोबर चहा प्यायला. बायका घरी गेल्यावर त्यानं दार लावलं आणि बहिणीच्या डाव्या कानावर मारलं. किती वेळा, ते तिनं मोजलं नाही. त्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

तिला माहेरी आणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईनं परस्पर सांगून टाकलं, पाय घसरून पडली. मी शेजारी उभी होते. बाईचा पाय घसरतो, बाप्याचा हात सुटतो. माणूस म्हणून कुणी काही करतच नाही. सगळं आपोआप होतं. मी हे तेव्हा बोलले नाही. तेव्हा मला सुचलंच नाही.

मग बैठक बसली, आमच्या माहेरी. मधोमध मामा, समोर तिचा नवरा आणि त्याचे चुलते. ठरलेलं सगळं ठरलेल्या क्रमानं झालं. तो खाली मान घालून बसला. चुलते म्हणाले, पोरगं मनानं वाईट न्हाई. मामा म्हणाले, कागद करू, एक तुमच्याकडं, एक आमच्याकडं. आणि वही-पेन माझ्या हातात दिलं. घरात लिहिणारी मी. माझ्या दोन कथा दिवाळी अंकात आल्या होत्या, मामांनी ते अंक गावभर दाखवले होते.

मी आधी लिहिलं, ‘मी माझ्या पत्नीला मारहाण केली.’ चुलत्यांनी ते वाचून घेतलं आणि डोक्याला हात लावला. असं कसं लिव्हता, उद्या कुणाच्या हातात गेलं तर पोलीस केस व्हईल. मामांनी माझ्याकडे पाहिलं. आणि इथं कुणी मला शब्द सुचवला नाही, हे लक्षात घ्या. कुणी धमकी दिली नाही, कुणी हात धरला नाही. मीच दोन मिनिटं विचार केला आणि लेखिका असल्याच्या ऐटीत पान फाडून नवीन पानावर लिहिलं, ‘रागाच्या भरात माझा हात सुटला. यापुढे असे होणार नाही. झाले गेले विसरून उभयतांनी सुखाने संसार करावा, असे सर्वानुमते ठरले.’ मामा म्हणाले, काय शब्द हाय, याला म्हणत्यात शिक्षण. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी खरंच बरं वाटलं.

बहिणीनं कागद न वाचता सही केली. मी लिहिलाय म्हटल्यावर तिला वाचायची काय गरज? त्याच दिवशी ती परत गेली.

त्यानंतर तीन वर्षं मी कादंबरी लिहीत होते. कादंबरीत एक बायकोला मारणारा नवरा होता. तो कुणावरून घेतला हे मी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नाही. पुण्याच्या प्रकाशकांकडे एक संपादक होते, सभ्य गृहस्थ, चष्मा पुसत बोलणारे. त्यांनी पहिला खर्डा वाचून सांगितलं की, खलनायक कागदी वाटतो, त्याची वेदना कुठं आहे, वाचकाला तो कळला पाहिजे. मला ते पटलं. मी त्याला वेदना दिली. चांगली अकरा पानं दिली. लहानपणी रडला म्हणून बापानं त्याच्या हातात बांगड्या भरल्या आणि खळ्यावर सगळ्यांसमोर फिरवला. पोरांनी त्याला बायल्या म्हणून चिडवलं. मोठा झाल्यावर भावांनी जमिनीत फसवलं. ही पानं लिहिताना मी रडले. त्याच्यासाठी रडले. बहिणीचा कान गेला तेव्हा मी रडले नव्हते, तेव्हा मी शुद्धलेखन बघत होते.

ट्रॉलीचा प्रसंग मी कादंबरीत घातलाच नाही. तो फार किरकोळ वाटला. एवढ्यातेवढ्यावरून कुणी बायकोचा कान फोडतो का, वाचकाला पटणार नाही, असं मला वाटलं. खरं घडलेलं मला पटवता येईना आणि खोटं रचलेलं लोकांना रडवणार होतं.

कादंबरीची प्रुफं घरी आली त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, बहीण एस.टी.तून मंचरला उतरली आणि चालत माझ्या दारात आली. डावा हात ओढणीत बांधलेला. मधल्या काळात ती टोमॅटोचे क्रेट पिकअपमध्ये घालून नारायणगावच्या मार्केटला स्वतः न्यायला लागली होती. नवरा शेजारी बसायचा. त्याला गाडी येत होती, पण मार्केटातली गर्दी आणि मागून वाजणारे हॉर्न यांनी तो गांगरायचा. त्या आठवड्यात तिथं कुणीतरी म्हणालं, “यातला मालक कोन आन क्लीनर कोन राव?” तो हसला. त्याची ही खोड मला आता पाठ झाली होती, तो आधी हसायचा.

घरी आल्यावर त्यानं तिला विचारलं होतं, गिअर कुठल्या हातानं टाकतीस गं? तिला वाटलं, काहीतरी थट्टा चाललीय. तिनं डावा हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि मनगट पिरगळलं, आवाज येईपर्यंत. मग म्हणाला, आता चालव.

हे तिनं मला भाजी निवडताना सांगावं तसं सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला काय वाटतंय ते मी तेव्हाच बोलून टाकलं, शिव्यांसकट, आणि त्या शिव्या मी शाळेत पोरांच्या तोंडून ऐकल्या असत्या तर पालकांना बोलावलं असतं. या वेळी दवाखान्यात मी आईला येऊच दिलं नाही. बहिणीनं स्वतः सांगितलं, नवऱ्यानं मोडला. डॉक्टरांनी तसंच लिहिलं. प्लास्टर घालून ती माझ्याकडे राहिली.

तीन दिवस तिला काही काम नव्हतं. एका हातानं काय करणार? तिनं टेबलावरची प्रुफं ओढली आणि वाचायला बसली. मी शाळेत जायची, परत यायची, ती खिडकीत बसलेली असायची, पानांवर पालथी मूठ ठेवून. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. ‘आणि त्याचा हात सुटला.’

“सुटणारा कोण?” तिनं विचारलं.

मी चहाचे कप टेबलावर ठेवले.

“हात,” तिचं तीच म्हणाली. “तूच शिकवलंय. म्हंजी दोष हाताचा. त्या बिचाऱ्याचा न्हाई.” मग म्हणाली, “आक्के, त्याचा हात कधी सुटला न्हाई. त्यानं माझा हात मागून घेतला, मी दिला, मग मोडला. कांदं निवडणारी म्हातारी त्याला हसली व्हती, तिच्यावर न्हाई सुटला. मार्केटात त्याला क्लीनर म्हनला, त्याच्यावर न्हाई सुटला. मंग हे काय लिव्हलंस?”

मी संपादकांचं सांगितलं. त्या माणसाला समजून घ्यायला हवं, त्याच्याही आत काही दुखत असतं, बायल्या म्हणवून घ्यायची भीती असते, असं बरंच. बोलता बोलता माझं मलाच कसंतरी झालं. ती ऐकत होती, उजवा कान माझ्याकडे करून. मग तिनं अकरा पानं हातात धरून त्यांचं वजन केल्यासारखं केलं.

“एवढं मोठं कारण कशाला दिलंस त्याला? ट्रॉली लागंना, एवढंच कारण व्हतं.”

तिला मी त्या कागदाबद्दल सांगायला हवं होतं, तेव्हाच. हेच शब्द मी आधी कुठं लिहिले, ते. मी सांगितलं नाही. चहाचे कप उचलले आणि आत गेले.

पुढच्या रविवारी बैठक बसली, तशीच, माहेरी. बहिणीला परत जायचं नव्हतं. तिनं आईला, मामांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. पण आईचं एकच, नांदत्या घरातून पोर माघारी आली तर लोक काय म्हणतील. मामांनी पुन्हा कागदाची तयारी केली होती. नवी वही होती. पेन माझ्याच पुढ्यात ठेवलं होतं.

तिचा नवरा आला तो डोळे पुसतच. खोटं रडत होता असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, तो खरंच रडत होता. म्हणाला, “लोक हसत्यात आक्का. मला माणसांत तोंड दावता येत न्हाई. तुमी लिव्हनाऱ्या, तुमाला तरी कळंल.” आणि मला कळत होतं, याचाच मला संताप आला. माझी अकरा पानं समोर बसून रडत होती. हसण्याची एवढी भीती वाटते तर ट्रॉली लावायला शिकायचं. महिनाभर रिकाम्या शेतात उलटीसुलटी केली असती तर आली असती. त्यापेक्षा बायकोचं मनगट मोडणं त्याला सोपं वाटलं.

चुलते मात्र तयारीनं आले होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून घडी घातलेला कागद काढला. तीन वर्षं जपून ठेवला होता. म्हणाले, “ह्ये बघा. तवाबी रागाच्या भरात झालं व्हतं, आत्ताबी तसंच झालं. आमी न्हाई म्हनत, तुमच्याच माणसानं लिव्हलंय. तुमच्याच अक्षरात हाय.” आणि मोठ्यानं वाचला. रागाच्या भरात माझा हात सुटला.

बहिणीनं मान माझ्याकडे वळवली.

“त्या कागदात तू हे लिव्हलं व्हतंस?”

मी म्हणाले, “लिहिलं गेलं माझ्याकडून.”

मराठीच्या बाईचं हे उत्तर तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. आजवर माझा एवढा अपमान कुणी केला नाही, आणि तिनं तर तोंडही उघडलं नव्हतं.

मामांनी वही माझ्याकडे सरकवली. लिही बाई, मागच्यासारखंच लिही, चांगलं व्हतं ते. मी पेन उचललं. मी लिहिलं, ‘मी माझ्या पत्नीला गिअर कोणत्या हाताने टाकतेस असे विचारले. तिने डावा हात दाखवला. मी तो पिरगळून मोडला. तीन वर्षांपूर्वी मीच तिच्या डाव्या कानावर मारले. तेव्हाही मला राग आवरता येत होता, कारण बायका जाईपर्यंत मी आवरला होता.’ खाली सहीसाठी रेघ ओढली आणि वही त्याच्यापुढे ठेवली.

त्यानं वाचलं. त्याचं रडणं थांबलं. चुलत्यांनी वाचलं आणि वही झटक्यात मिटली. म्हणाले, बाई, असं कुठं लिव्हत्यात का, जरा भाषा बघा. मामाही माझ्यावर उखडले. एवढी शिकलेली तू, तुला चार शब्द गोड लिव्हता येईनात? मी म्हणाले, येतात. तेवढंच येत होतं आतापर्यंत.

आई रडत होती. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. त्या गोंधळात बहीण उठली, उजव्या हातानं वही उघडली, ते पान फाडलं आणि घडी करून ओढणीच्या टोकाला बांधलं. म्हणाली, “सही नको त्याची. जायचं कुठं तेवढं सांग, पोलिसात का वकिलाकडं?” आम्ही दोघी तशाच निघालो. मागून मामांनी हाक मारली, तिचं नाव घेऊन, दोनदा. डावा कान त्यांच्याकडे होता. तिला ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, मी विचारलं नाही.

जाण्याआधी मी चुलत्यांकडे जुना कागद मागितला होता. त्यांनी दिला नाही. त्यांना त्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळली होती. आमच्याकडची प्रत आईनं कधीच चुलीत घातली होती.

त्या आठवड्यात मी प्रुफं काढली आणि अकराच्या अकरा पानांवर लाल रेघ मारली. बांगड्या गेल्या, खळं गेलं, फसवणारे भाऊ गेले. त्या जागी दीड पान लिहिलं. एक माणूस, एक ट्रॉली, हसणाऱ्या बायका, मग सगळ्यांबरोबरचा चहा, मग दार. आणि ‘त्याचा हात सुटला’ खोडून लिहिलं, ‘त्याने तिला मारले.’ संपादकांचा फोन आला. ते म्हणाले, आता तो फारच सपाट झाला, त्याचं मन दिसत नाही. मी म्हणाले, त्याचं मन तिनं इतकी वर्षं सांभाळलंय, वाचकांनी दीड पान नाही सांभाळलं तरी चालेल. ते नाराज झाले. कादंबरी आली, फार चालली नाही. मला त्याचं वाईट वाटतं, वाटत नाही असं नाही.

केस जुन्नरच्या कोर्टात उभी राहिली. बहिणीचं मनगट पूर्ण वळत नाही. बाकीचे गिअर ती टाकते, रिव्हर्सला मात्र दुखतं. साक्षीला मला बोलावलं तेव्हा त्याच्या वकिलांनी तो कागद माझ्या हातात दिला. प्लॅस्टिकमध्ये असल्यानं शाईसुद्धा उडाली नव्हती. त्यांनी विचारलं, हे अक्षर तुमचं का? मी हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तुमच्या बहिणीला मारहाण झाली असती तर तुम्ही, सख्खी बहीण, शिक्षिका, लेखिका, असं लिहिलं असतं का? कुणी दबाव आणला होता का? कुणी सांगितलं होतं का असं लिहायला?

सोयीची उत्तरं तोंडाशी होती. मामांनी वही दिली. चुलत्यांनी पहिलं पान बदलायला लावलं. तसं लिहिलं गेलं. मामा मागच्या बाकावर बसले होते, खाली बघत. बहीण त्यांच्यापासून लांब, भिंतीकडे, तिचा डावा कान माझ्या बाजूला. मी मोठ्यानं बोलले, कोर्टात बोलू नये इतक्या मोठ्यानं, म्हणजे त्या कानालाही ऐकू जावं.

“कुणी नाही सांगितलं. मी लिहिलं. मी खोटं लिहिलं.”

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.